उकंडराव फिरायला निघतात

बुधवारी संध्याकाळी पावणेआठला उकंडराव खरातांना कळलं की आपल्याला छंद नाही. एकसष्ट वर्षं माणूस छंदावाचून जगला. त्यातली तेहतीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून तालुक्यातली निम्मी शिवारं पायाखाली घातली. पण छंदाचं कुणी कधी विचारलं नाही. विचारलं ते आठ वर्षांच्या नातीनं, हैदराबादहून, मोबाइलवर, आणि तेही इंग्रजीत.

नातीचं नाव मयुरी. तिचा बाप प्रज्वल म्हणजे उकंडरावांचा एकुलता एक मुलगा, जन्मानं देऊळगाव राजाचा. आई केरळची. आईची मल्याळी आणि बापाची मराठी यांच्यात जो तह झाला, त्यात पोरगी इंग्रजी बोलायला लागली. आजोबा-नातीचं संभाषण इतके दिवस 'हाय', 'बाय' आणि 'जेवली का' एवढ्यावर सुखानं निभावलं होतं. पण शाळेला ते बघवलं नाही. तिसरीच्या लेकरांना त्यांनी प्रकल्प दिला: तुमचे दोन्ही आजोबा विश्रांतीच्या वेळी काय करतात ते त्यांना विचारा, छंद करतानाचा फोटो चिकटवा, आणि सोमवारी तक्ता घेऊन या.

"आजोबा, व्हॉट डू यू डू टु रिलॅक्स?" मयुरीनं विचारलं.

रिलॅक्स हा शब्द उकंडरावांना ठाऊक होता. डॉक्टर इंजेक्शन देताना तो म्हणतात. त्यामुळे त्यांचा दंड आपोआप ताठ झाला. तेवढ्यात त्यांना मयुरीच्या मागं भिंतीला टेकवलेला तक्ता दिसला. मधोमध रेघ मारून त्याचे दोन भाग केले होते. डावा भाग भरून वाहत होता: केरळचे आजोबा नायर व्हायोलिन वाजवताना, नायर तिकिटांच्या संग्रहासोबत, नायर डोक्याला टोपी घालून पक्षी बघताना. उजव्या भागात वर 'आजोबा' असं लिहिलं होतं आणि खाली नुसता पांढरा कागद होता.

ती पांढरी जागा उकंडरावांच्या काळजाला लागली. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या पडीक जमिनी मोजल्या, पण स्वतःच्या नावावर एवढी पडीक जागा पहिल्यांदाच बघितली. "संडे! टेल संडे!" एवढं कसंबसं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नायर गृहस्थांबद्दल त्यांचं तसं काही वाईट मत नव्हतं, हे इथं सांगून टाकतो. बँकेतून रिटायर झालेला भला माणूस. प्रज्वलच्या लग्नात त्यांनी मांडवात व्हायोलिन वाजवलं होतं, आणि हे वाद्य आहे की आणखी काही, याचा निकाल न लागल्यामुळे मांडवानं ते शांतपणे ऐकलंही होतं. पण एका माणसाला तीन-तीन छंद आणि दुसऱ्याला एकही नाही, ही कुठली वाटणी?

"झोपतो म्हून सांगायचं ना," छायाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दुपारी दोन तास घोरता, ते काय छंदाशिवाय?"

"ते तिकडं व्हायोलिनवाले, अन् मी घोरणारा? तक्त्यावर फोटो लावतेत छाया, फोटो!"

गुरुवारी सकाळी ते शेजारी गेले. शेजारी म्हणजे कय्यूम टेलर. पुढच्या खोलीत कय्यूमभाईंचं मशीन आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या अर्ध्यात त्यांची मुलगी आसमा हिचा इंग्रजीचा क्लास. आसमा बी.एड. झालेली, शिस्तीची. सातवीची चार पोरं पाढे म्हटल्यासारखी शब्द घोकत होती, त्यांच्यात तिनं उकंडरावांना सतरंजीवर बसवलं आणि हातात दोनशे पानी वही दिली. वरती लिहिलं, 'हॉबीज अँड रिलॅक्सेशन'.

"लिहा काका. आय ॲम फॉन्ड ऑफ, म्हणजे मला आवड आहे. आय ॲम कीन ऑन, म्हणजे जास्तच आवड आहे. आफ्टर वर्क, आय लाइक टु अनवाइंड. अनवाइंड म्हणजे दिवसभर मन गुंडाळून ठेवलेलं असतं ना, ते कामानंतर उलगडायचं."

"बॉबिनसारखं," कय्यूमभाई मशीनवरून म्हणाले.

"पण मी तं रिटायर हाय," उकंडराव म्हणाले. "मले कामच नाही. माहा दोरा सकाळपासूनच उलगडेल राह्यते."

यावर आसमानं जे सांगितलं ते सगळ्यांनीच ध्यानात ठेवण्याजोगं आहे. ती म्हणाली, छंद सांगायला काही अक्कल लागत नाही काका, खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नाला असते. तुम्ही म्हणाल, मला वाचन आवडतं. लगेच दुसरा प्रश्न: कुठलं पुस्तक? तुम्ही म्हणाल बागकाम. दुसरा प्रश्न: कुठली झाडं?

उकंडरावांनी विचार केला. पुस्तक म्हणाल तर त्यांनी शेवटचं वाचलं ते खात्याच्या परीक्षेचं. झाडं म्हणाल तर दारात तुळस आणि कोरफड, आणि दोन्हींना हात लावायची त्यांना घरातून परवानगी नव्हती. स्वयंपाक, संगीत, नाणी जमवणं, एकेक शब्द आसमा पुढं करी आणि दुसऱ्या प्रश्नाला उकंडराव आडवे होत. सातवीची पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"चालता येतं ना काका?" शेवटी आसमा म्हणाली. "आय गो फॉर लाँग वॉक्स. मी लांब फिरायला जातो. दुसरा प्रश्न एकच येऊ शकतो, व्हेअर? कुठं? त्याचं उत्तर, हिअर अँड देअर. इकडं तिकडं. संपलं!"

उकंडरावांचा चेहरा खुलला. तेहतीस वर्षं दुसरं केलं काय होतं? शिवाय चालता चालता पक्षीही बघता येतील, म्हणजे एकाच भत्त्यात दोन कामं. नायरांचे तीन तर आपले निदान दोन.

"पण खोटं सांगायचं नाही हं," आसमानं बजावलं. "लहान मुलांना लगेच कळतं. रविवारपर्यंत रोज खरंच चाला, आणि एक फोटो काढा."

आता देऊळगाव राजात चालणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. इथं माणूस कुठंतरी जातो. दळणाला जातो, बसस्टँडवर जातो, बालाजीला जातो, मयतीला जातो. सकाळी सकाळी रस्त्यानं नुसतेच चालणारे असतात, पण ते शुगरवाले, त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. "सकाळी नका जाऊ," छायाबाई म्हणाल्या. "दुपारपर्यंत गावभर होईल का याहीले शुगर निघाली." म्हणून उकंडराव गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, पांढरा शर्ट इन करून, बूट घालून फिरायला निघाले.

बत्तिसाव्या पावलावर किराणा दुकानदारानं विचारलं, "काय साहेब, कुठं?"

बत्तिसाव्या म्हणजे बत्तिसाव्याच. उकंडराव पावलं मोजत. नोकरी सुटली तरी मोजणी सुटली नव्हती.

"कुठं नाही, असाच."

"असाच?" दुकानदार गिऱ्हाईक सोडून खाली उतरला. "तब्येत बरी हाय ना? का घरात काही?"

तिथून सुटले तर अडतिसाव्या पावलावर पानवाला, साठाव्यावर एक मास्तर. तिघांनीही तोच प्रश्न विचारला आणि 'इकडं तिकडं' या उत्तरानं तिघांचंही समाधान झालं नाही. नातीच्या शाळेत जे उत्तर पक्कं पास होणार होतं ते गावात नापास झालं. दोनशे बाराव्या पावलाला सागरची मोटरसायकल आडवी आली. सागर म्हणजे ओळखीतल्या शेतकऱ्याचा तरणा मुलगा.

"बसा काका."

"नाही रे, चालून राह्यलो."

"गाडी असताना काऊन चालता? माह्यावर राग हाय का?"

झालं! सागरच्या बापाच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, मोजणी उकंडरावांनीच केली होती आणि तीत दीड हात जमीन शेजाऱ्याकडं निघाली होती. आता गाडीवर बसायला नाही म्हणावं तर तो दीड हात पुन्हा उकरला जाणार. उकंडराव निमूट बसले. तीन किलोमीटरवर त्यांनी सागरला थांबायला सांगितलं.

"इथं? इथं तं काहीच नाही काका."

"तेच पाह्यजे."

सागरनं आजूबाजूला बघितलं. काहीच नाही असं नव्हतं, वीस हातांवर एक विहीर होती. त्याचा चेहरा उतरला. साहेबांनी कितीही समजावलं तरी तो तिथून हलेना, आणि शेवटी त्यानं त्यांना परत गाडीवर घालून थेट घरी आणून पोचवलं. "काकू, विहिरीपाशी उतरले होते," तो हळू आवाजात छायाबाईंना म्हणाला. "ध्यान ठेवा."

अशा रीतीनं पहिल्या दिवशीचं लांब फिरणं दोनशे बारा पावलांत आटोपलं.

शुक्रवारी सकाळपासून छायाबाईंकडं बायांची रीघ लागली. कुणी साखर मागायला आली, कुणी ताक द्यायला आली, आणि जाताना प्रत्येकीनं दारात थांबून विचारलं, "भांडण झालं काय वो?" साहेब रुसून विहिरीकडं गेले होते, ही बातमी तोवर बसस्टँड ओलांडून गेली होती. छायाबाईंना रडू कोसळलं. छत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एकदाही शिळं वाढलं नाही आणि हे ऐकायचं? त्यांनी साखरखेर्ड्याला मोठ्या बहिणीला, कौशल्याबाईंना, फोन लावला. कौशल्याबाईंनी चार घरची भांडणं मिटवलेली, त्यातली दोन तर झालेलीच नव्हती. "उद्याच्या गाडीनं येते," त्या म्हणाल्या.

इकडं उकंडराव चिडले होते. एका सभ्य, निवृत्त, निर्व्यसनी माणसाला स्वतःच्या गावात स्वतःच्या पायांनी चालता येऊ नये? हा अपमान होता. पण माणूस मोजणी खात्यातला, एका बाजूनं रस्ता अडला की दुसऱ्या बाजूनं साखळी टाकणारा. त्यांनी ठरवलं, रस्ता सोडायचा आणि शेतातून जायचं. कय्यूमभाईंच्या मुलानं, फहीमनं, जालन्याला क्रिकेटची मॅच बघायला दुर्बीण घेतली होती, ती त्यांनी मागून घेतली. वही काखेत मारली. आणि शुक्रवारी संध्याकाळी मागच्या पांदणीच्या वाटेनं निघून ते राजकुमार नावाच्या शेतकऱ्याच्या तुरीच्या धुऱ्यावर उभे राहिले.

आणि काय सांगावं, आनंदी आनंद! वारा होता, तूर फुलावर होती, 'कुठं?' विचारणारं चिटपाखरू नव्हतं. पाखरं मात्र होती. अडचण एकच, त्यांची नावं उकंडरावांना येत नव्हती. मग त्यांनी आपल्याला जे येतं ते केलं. पावलं मोजून त्यांनी वहीत नोंद घेतली: 'बाभळीपासून पूर्वेस बावीस पावले, तारेवर निळा, एक.' थोडं पुढं जाऊन, डोळ्याला दुर्बीण लावून: 'नाल्याच्या उत्तरेस चाळीस पावले, पांढरे, दोन.' शेजारी छोटासा नकाशाही काढला, उत्तर दिशेच्या बाणासकट.

पलीकडं कापूस वेचणाऱ्या राजकुमारनं हे सगळं बघितलं. मोजणीचे साहेब, पावलं मोजून राह्यले, दुर्बीण लावून राह्यले, वहीत लिहून राह्यले! त्यानं वेचलेला कापूस तिथंच टाकला आणि तीन ठिकाणी फोन लावले. दहा मिनिटांत धुऱ्यावर वीसेक माणसं जमली.

"साहेब, रस्ता कुठून चालला?" राजकुमारनं थेट विचारलं.

"कोनता रस्ता?"

"बायपास. आमाले काय कळत नाही काय?"

"अरे बाबा, मी रिटायर माणूस. पक्षी पाहून राह्यलो."

लोक एकमेकांकडं बघून हसले. सरकारी माणूस खरं सांगत नाही हे त्यांना माहीत होतं, पण इतकं कच्चं खोटं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. एकानं वही ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली. "नाल्याच्या उत्तरेस चाळीस पावले, पांढरे, दोन. हे दोन काय हाय?"

"बगळे."

"बगळे कोन मोजते साहेब?"

हा तिसरा प्रश्न होता. आसमानं दोन प्रश्नांपर्यंतच तयारी करून घेतली होती. मग तिथं दोन तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं, आमच्यातून रस्ता नेऊ नका. अर्ध्यांचं म्हणणं, आमच्यातूनच न्या, त्यांच्यातून काऊन? दोन्ही तटांनी साहेबांना आग्रह करकरून चहा पाजला, आणि शेवटी घरापर्यंत ट्रॅक्टरवर बसवून सोडलं.

शनिवारी सकाळी तलाठी सुचिता मॅडमचा फोन आला. मॅडम वयानं प्रज्वलएवढ्या, बोलायला गोड, पण त्यांच्या टेबलावर उकंडरावांच्या नावचे पाच अर्ज पडले होते. तीन विरोधाचे, दोन विनंतीचे. राजकुमारनं तर सकाळी उठून धुऱ्यावर आंब्याची अकरा कलमं लावली होती, झाडांची भरपाई वेगळी मिळते म्हणून.

"काका, एक लेखी जबाब देऊन टाका, म्हणजे मी हे सगळं बंद करते," मॅडम म्हणाल्या.

उकंडरावांनी पेन उघडलं. तिथं उपस्थित असण्याचं कारण, या ओळीसमोर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: छंद.

"असं कारण चालत नाही काका. वरून विचारतील, कशाचा छंद, कुणाच्या परवानगीनं."

त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं: 'सदर दिवशी मी कोणत्याही कारणाशिवाय चालत होतो.'

"अयाई! हे तर मुळीच नको. संशय वाढतो."

उकंडराव पेन धरून बसून राहिले. तेहतीस वर्षं त्यांनी स्वतः लोकांचे असे जबाब घेतले होते, कारण नीट लिहा म्हणून दटावलं होतं. कारणाशिवायसुद्धा माणूस कुठं असू शकतो, हे त्यांच्या तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी मॅडमनीच तोडगा काढला. 'नातीच्या शालेय प्रकल्पाकरिता पाहणी केली' असं लिहून घेतलं, सही घेतली, शिक्का मारला, आणि म्हणाल्या, "लोकांना तुम्हीच एकदा घरी बोलावून समजावून सांगा."

जबाब बंद पाकिटात गेला, पण त्यातले 'प्रकल्प' आणि 'पाहणी' हे दोन शब्द त्याआधीच खिडकीतून बाहेर पडले होते. दुपारपर्यंत शिवारात पक्कं झालं की नुसता रस्ता नाही, प्रकल्पच येतोय.

घरी येतात तर कौशल्याबाई दिवाणावर मांडी घालून बसलेल्या.

"बसा भाऊजी. काय झालं ते मले मोकळेपनानं सांगा. छाया काही बोलली का?"

"काही झालं नाही वो. मी फिरायले गेलतो."

"घरात बायको असताना मानूस शेतात जाऊन दुर्बीण लावते, म्हंजे घरात पाहासारखं काही राह्यलं नाही, असंच ना?"

छायाबाईंनी डोळ्याला पदर लावला. उकंडरावांनी हात टेकले. तीन दिवसांत त्यांनी अर्धा किलोमीटरसुद्धा सलग फिरणं केलं नव्हतं. एकही फोटो नव्हता. बायको रडत होती, तलाठ्याकडं जबाब लिहून झाला होता, आणि उद्या अकरा वाजता नात विचारणार होती. संध्याकाळी ते कय्यूमभाईंच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काका, अजून वेळ आहे," आसमा म्हणाली. "वाचनच सांगू या का? मी पुस्तकाचं नाव पाठ करून देते."

"नाही बेटा," उकंडराव म्हणाले. "तिच्यासमोर खोटं नाही बोलायचं मले. अर्धा तक्ता कोरा राह्यला तं राह्यला." कय्यूमभाईंनी मशीन थांबवलं आणि चहा मागवला.

रविवारी पावणेअकराला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. समजूत घालायला बोलावलेले सगळे शेतकरी आले होते, सोबत सातबारे घेऊन. राजकुमार पुढंच बसला होता. कौशल्याबाई आपली चौकशी अर्धी सोडायला तयार नव्हत्या. अडलं तर सांगायला आसमा आली होती आणि फोन धरायला कय्यूमभाई. उकंडराव समजवायला उभे राहिले तोच फोन वाजला. पडद्यावर मयुरी, तिच्यामागं प्रज्वल, आणि शेजारच्या खुर्चीत साक्षात नायर. ते मुलीकडं राहायला आले होते.

"आजोबा, व्हॉट डू यू डू टु रिलॅक्स?"

उकंडरावांनी घाम पुसला. "आय गो फॉर लाँग वॉक्स."

आसमानं डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. मयुरीनं वहीत लिहून घेतलं आणि दुसरा प्रश्न विचारला, "व्हेअर?"

खोलीतले सगळे पुढं सरकले. हा एवढा शब्द सगळ्यांना समजला होता.

"हाव!" राजकुमार उसळून म्हणाला. "हेच इचारून राह्यलो आमी तीन दिवसांपासून! नातीले तरी खरं सांगा साहेब!"

हिअर अँड देअर कुठल्या कुठं पळालं. उकंडरावांनी एकदा राजकुमारकडं बघितलं, एकदा मयुरीकडं, आणि त्यांचं डोकं सटकलं. "दाखवतो!" ते मराठीतच ओरडले. "चला, दाखवतोच आज! कय्यूमभाई, फोन धरा!" पायात चपला सरकवून ते दाराबाहेर पडले.

"साहेब दाखवतेत! चला रे!" म्हणत अख्खी खोली त्यांच्यामागं निघाली. शेतकरी रस्ता कुठून जातो ते बघायला निघाले, कौशल्याबाई भाऊजी पळून जाऊ नयेत म्हणून निघाल्या, आसमा इंग्रजी सांभाळायला निघाली. सगळ्यांच्या पुढं कय्यूमभाई उलट्या पावलांनी फोन धरून चालले होते. छायाबाई दारात थांबल्या, मग त्यांनी कडी लावली, कुलूप घातलं, आणि पदर खोचून त्याही निघाल्या.

"काय वहिनी, कुठं?" किराणावाल्यानं विचारलं.

छायाबाई क्षणभर अडखळल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "कुठं नाही. यांच्यासंगं फिरायले."

उकंडरावांनी वळून बघितलं. छत्तीस वर्षांत त्या दोघांनी मिळून दवाखाना, लग्नं, बाजार, सगळं केलं होतं, पण नुसतं चालणं आजच चाललं होतं. त्यांनी पावलं मोजायचं सोडून दिलं आणि बायकोच्या बरोबरीनं चालायला लागले. फोनमधून मयुरीचं हसू ऐकू येत होतं, कारण दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवून विचारत होतं आणि घोळक्यात सामील होत होतं.

राजकुमारच्या धुऱ्यावर पोचल्यावर साहेब थांबले. सगळे गोल करून उभे राहिले. साहेबांनी तारेकडं बोट दाखवलं आणि दुर्बीण राजकुमारच्या हातात दिली. "बाभळीपासून पूर्वेस बावीस पावलं. पाह्य."

राजकुमारनं डोळा लावला. मग दुर्बीण काढून नुसत्या डोळ्यानं बघितलं आणि पुन्हा लावली.

"अबे," तो हळूच म्हणाला. "हा तं नीलकंठ हाय. रोज इथंच बसते. एवढा निळा हाय, हे मले माहीतच नव्हतं."

मग दुर्बिणीसाठी झोंबाझोंबी सुरू झाली. सातबारे खिशात गेले. कौशल्याबाईंनी दोनदा बघितलं आणि साखरखेर्ड्यालाही असा एक आहे, असं ठासून सांगितलं. फोनमधून नायर आनंदानं "इंडियन रोलर! इंडियन रोलर!" असं ओरडत होते. मग आवाज खाली आणून ते म्हणाले की, ते पक्षी बघायला जातात तेव्हा सोबत कुणीच येत नाही, आणि व्हायोलिन काढलं की घरातली माणसं आतल्या खोलीत जातात. आसमानं त्याचं मराठी करून सांगितलं तेव्हा उकंडरावांना त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

"मंग साहेब, माह्या कलमांचं काय?" राजकुमारनं विचारलं.

"पानी घाल. पाच वर्षांनी आंबे खाऊ."

सोमवारी संध्याकाळी मयुरीचा फोन आला. तिनं तक्ता समोर धरला. डावीकडं नायरांचे तीन फोटो होते तसेच होते. उजवीकडचा पांढरा कागद नावालाही उरला नव्हता. प्रज्वलनं फोनवरून टिपलेला एकच फोटो तिनं मोठा करून लावला होता: धुऱ्यावर उकंडराव, शेजारी छायाबाई, आणि मागं तुरीतून, कापसातून दिसेल तिथवर माणसंच माणसं. खाली तिनं स्वतःच्या हातानं एक वाक्य लिहिलं होतं. उकंडरावांनी आसमाला हाक मारली नाही. चष्मा लावून एकेक शब्द त्यांनी स्वतः वाचला आणि बायकोला मराठीत सांगितला. माझ्या आजोबांना एकच छंद आहे, पण तो करायला सगळं गाव लागतं.

"खरं लिहिलं पोरीनं," छायाबाई म्हणाल्या.

"आजोबा," मयुरीनं विचारलं, "कॅन आय कम अँड वॉक विथ यू?"

हा प्रश्न वहीत कुठंच नव्हता. उकंडरावांनी डोळे पुसले आणि ते आयुष्यातलं पहिलं, कुणी न शिकवलेलं इंग्रजी वाक्य बोलले.

"मयुरी, हिअर वॉकिंग इज नॉट पॉसिबल. बट यू कम."